सेलमधल्या गोळ्या आणि वाकडं अंगण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि विषयही जरा वेगळा आहे. मी रायफलची काडतुसं घरी भरतो असा ओझरता उल्लेख मागे एका लेखात केला होता. त्यावर दोन प्रश्न आले. मित्रमंडळींनी विचारलं, "परवडतं का रे हे?" आणि नातेवाईकांनी विचारलं, "घरात दारू ठेवतोस?" (मावशी, ती दारू वेगळी!) आज मुख्यतः पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. लिहिता लिहिता दुसऱ्याचं उत्तरही मिळेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सेलमधल्या, म्हणजे कारखान्याने 'सेकंड' म्हणून काढून टाकलेल्या गोळ्या जरूर घ्याव्यात. पण सूट कशावर मिळाली हे समजून घ्याव्यात. कारखाना सूट देतो ती त्याने न केलेल्या कामाबद्दल. त्याने निवडानिवड केली नाही, तपासणी अर्ध्यावर सोडली, म्हणून डबा स्वस्त. ते राहिलेलं काम घेणाऱ्याने करायचं असतं. ते करायची तयारी नसेल तर सरळ पूर्ण किमतीचा डबा घ्यावा आणि सुखाने झोपावं.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण मराठीत काडतुसालाच 'गोळी' म्हणतो, पण काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर संपतो, पण पुंगळी शिल्लक राहते. काडतुसातला महागडा भाग तोच. मग ती पुंगळी साफ करायची, डायमध्ये दाबून परत मूळ मापात आणायची, तोंड वाढलं असेल तर कापायचं, नवा प्रायमर, मोजून दारू, आणि वर नवी गोळी. एका हाताने ओढायचा एक प्रेस, दोन डाय, एक तराजू आणि एक व्हर्नियर कॅलिपर एवढ्यावर हा संसार चालतो.

दारू 'ग्रेन'मध्ये मोजतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. समजा एका काडतुसाला ४० ग्रेन लागली तर पौंडभर दारूत १७५ काडतुसं होतात. म्हणजे दारूचा खर्च वाटतो तेवढा नसतो. खर्च असतो तो प्रायमर आणि गोळीचा. प्रायमरवर घासाघीस करता येत नाही (२०२०-२१ च्या टंचाईत तर ते मिळाले तरी लोक देवाचे आभार मानत होते), म्हणून वाचवायचं तर गोळीवरच. इथून सेलचा मोह सुरू होतो.

कायद्याचं एक वाक्य, कारण हे भारतातही वाचलं जातं. भारतात शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडे कुणी हा उद्योग करू नये. अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. मात्र एच-१बी वर असताना बंदूकच काय, साधं काडतूस बाळगणंही साधारणपणे बेकायदेशीर आहे (शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर). त्यामुळे माझा हा छंद ग्रीन कार्डानंतरचा. नुकत्याच आलेल्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणखी एक प्रश्न घरून हमखास येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा काकाने विचारलं, "तोपण अशीच भरतो का?" नाही. त्या स्पर्धेतलं काडतूस .२२ चं रिमफायर असतं. त्यात प्रायमरचा मसाला वेगळ्या टोपीत नसून पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. एकदा ती कड चेपली की व्यवहारात पुंगळी बाद. घरी भरता येतात ती सेंटरफायर काडतुसं, उदाहरणार्थ माझं .३०८.

पण या बाद झालेल्या .२२ च्या पुंगळ्यांचीही एक गोष्ट आहे, आणि ती आजच्या विषयाला धरून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शिकाऱ्यांना चांगल्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. कॅलिफोर्नियातल्या फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाने १९४३ मध्ये एक डाय तयार केला. त्यात वापरलेली .२२ ची पुंगळी घालून दाबली की तिचंच गोळीवरचं बाहेरचं आवरण तयार व्हायचं. 'रॉक चक' नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी या गोळ्या, म्हणून 'रॉक चक बुलेट स्वेज', आणि त्यावरून कंपनीचं नाव आरसीबीएस. आज अनेकांच्या टेबलावर त्यांचे प्रेस असतात. सांगायचा मुद्दा असा की या छंदाच्या मुळाशीच टाकाऊतून टिकाऊ आहे. पण तो जुगाड नव्हता. आधी डाय बनवला, माप धरलं, मग पुंगळी दाबली. जुगाडात माप शेवटी येतं, किंवा येतच नाही.

आता माझ्या डब्याकडे वळतो. मी आणि इथल्या एका मराठी मित्राने मिळून १५० ग्रेनच्या हजार गोळ्या सेलमध्ये घेतल्या. प्रत्येकी पाचशे. 'ब्लेमिश्ड' असा शेरा होता, म्हणजे दिसायला डागाळलेल्या. सूट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. डब्यावर गोळीचं मॉडेल लिहिलेलं होतं, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. मॉडेलचा पत्ता नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही. कारण दारू किती घालायची हे गोळीच्या नुसत्या वजनावर ठरत नाही. तिचा आकार, तिचा किती भाग नळीला घासणार, आवरण कसलं, या सगळ्यावर ते ठरतं. मॉडेल माहीत असेल तर मॅन्युअलमध्ये त्याचं पान सापडतं. नसेल तर आपण अंधारात चाचपडतो.

घरी आल्यावर डबा ओतला. काही गोळ्या काळवंडलेल्या, ते ठीक. काहींची शिशाची टोकं चेपलेली, ते तितकंसं ठीक नाही. (या गोळ्यांचं टोक उघड्या मऊ शिशाचं असतं.) नव्या गोळीसाठी मी नेहमी आधी डमी काडतुसं करतो. प्रायमर नाही, दारू नाही, फक्त पुंगळी आणि गोळी. पुंगळीला आडवं भोक पाडून ठेवतो, म्हणजे चुकूनसुद्धा खऱ्यात मिसळणार नाहीत. चार डमी मॅगझिनमध्ये भरली आणि बोल्ट मागेपुढे करून पाहिला. दोन तक्रारी दिसल्या. एक, डावीकडून येणारं काडतूस नळीच्या तोंडाशी अडखळत होतं, उजवीकडचं सुरळीत जात होतं. दोन, काडतूस चेंबरमध्ये गेलं तरी बोल्टचा दांडा शेवटच्या टप्प्यात जड लागत होता.

आमचे बाबा टर्नर होते. जॉब बसत नसेल तर ते हातोडी उचलायच्या आधी मायक्रोमीटर उचलायचे. त्यांच्या भाषेत 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "दोन थाऊ कुठं गेला बघ," हे वाक्य आमच्या घरात मीठ-भाकरीसारखं होतं. मला वाटतं हा सगळा छंद त्या एका वाक्यात बसतो.

तर थाऊ कुठे गेला ते शोधायला सुरुवात केली. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी गोळी न बसवलेली, मापात आणलेली नुसती पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट लावला. बोटाने लागला. म्हणजे पुंगळी निर्दोष. मग डमीची गोळी काळ्या मार्करने रंगवली, चेंबरमध्ये घातली, बाहेर काढली. गोळीच्या निमुळत्या उतारावर चार बाजूंना चार चकचकीत रेघा. माझ्या नळीत चार आटे आहेत. म्हणजे गोळी पुढे जाऊन आट्यांना टेकत होती.

पण असं कसं? काडतुसाची एकूण लांबी तर आधीच्या गोळीइतकीच ठेवली होती, २.७५० इंच. .३०८ ला कमाल लांबी २.८१० आहे, म्हणजे कागदावर भरपूर जागा. गंमत इथेच आहे. एकूण लांबी टोकापासून बुडापर्यंत मोजतात, आणि आटे टोकाला लागत नाहीत, ते लागतात खाली, गोळी पूर्ण जाडीला येते तिथे. या नव्या गोळीचे खांदे जाड होते, आणि त्यात टोकं चेपलेली. म्हणजे कॅलिपर खरं बोलत होता, पण भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. उतारावर ठरावीक जाडीला टेकणारं एक छोटं जोडसाधन कॅलिपरला लावून तिथून बुडापर्यंत मोजलं तेव्हा हिशेब लागला. त्या मापाने गोळी २५ थाऊ आत बसवली. बोल्ट लोण्यासारखा लागला.

डावीकडच्या अडखळण्याचं कारण अजून सोपं निघालं. रंगवलेल्या टोकांवरून कळलं की चेपलेल्या टोकाची बारीक कोर नळीच्या मागच्या कडेत रुतते. पाचशे गोळ्या दिव्याखाली एकेक करून पाहिल्या. साठ-पासष्ट वेगळ्या काढल्या. त्या फुकट नाही गेल्या. रेंजवर एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये घालायचं असेल तेव्हा त्या वापरतो, मॅगझिनमध्ये नाही.

आणि इतकं झाल्यावर दारू मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या, म्हणजे सर्वांत कमी मापापासून परत धरली. गोळी नवी, तिची जागा नवी, मग जुनं माप कशाला? गोळी आत बसवली की दारूला जागा कमी पडते. गोळी आट्यांना टेकली तर ती सुटायला जोर जास्त लागतो. दोन्हीकडून दाब बदलतो, आणि किती बदलेल हे खुर्चीत बसून सांगता येत नाही.

दाब म्हणजे किती, हे मावशीसाठी सांगतो. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण १५ पीएसआय जास्त दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस. .३०८ च्या काडतुसाला ठरवून दिलेली कमाल मर्यादा आहे ६२,००० पीएसआय. आणि हे सगळं घडतं ते आपल्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. म्हणून या प्रकारात "चालतंय की" म्हणून चालत नाही.

आता मित्राची बाजू. (त्याला विचारून लिहितोय.) त्याच्याही गोळ्या त्याच डब्यातल्या, रायफल वेगळी, काढता-घालता येणाऱ्या मॅगझिनची. त्याचा फोन आला, "अरे, हा माल भंगार आहे. मॅगझिनला घासतो, बोल्ट लागत नाही, सेल होता तेव्हाच ओळखायला हवं होतं." त्याने उपायही ठरवून ठेवले होते. गोळी चांगली आत दाबलेली होती, १२० थाऊ, म्हणजे मॅगझिनमध्ये बसते. ती हलू नये म्हणून पुंगळीचं तोंड करकचून आवळलेलं. दारू जुन्याच गोळीची, जवळजवळ वरच्या टोकाची. अशी चाळीस काडतुसं तयार. तरीही बोल्ट जड लागत होता, म्हणून आता तो नळीकडे जाणारा उतार यंत्राने घासून गुळगुळीत करणार होता, आणि तोवर दांड्यावर तळहाताने ठोसा मारून काम भागवणार होता.

मी म्हटलं, "ठोसा मारू नकोस. मी येतोय."

त्याच्याकडे जाऊन आधी काहीच केलं नाही, फक्त मोजलं. त्याच्या काडतुसाच्या खांद्याची जाडी साध्या पुंगळीपेक्षा तीन थाऊ जास्त होती. डोळ्याला दिसत नव्हतं, बोटाला लागत नव्हतं, चेंबरला मात्र लागत होतं. काही गोळ्यांना कमरेभोवती एक खाच असते, पुंगळीचं तोंड त्या खाचेत आवळायचं असतं. या गोळ्यांना ती खाचच नव्हती. मग आवळल्यावर पितळ जाणार कुठे? खाली सरकून खांद्याशी फुगलं. बोल्ट न लागण्याचं कारण ना गोळी होती, ना रायफल, ना सेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आणि त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे जुनी भरपूर दारू आणि १२० थाऊ आत गेलेली गोळी. बोल्ट लागत नव्हता हे एका अर्थी बरंच होतं. काडतूस न जाणं हा नेहमी बिघाडच असतो असं नाही, कधीकधी ती सूचना असते.

ठोसा मारून काडतूस आट्यांत रुतवलं तर आणखी एक होतं. बोल्ट मागे ओढला की पुंगळी बाहेर येते आणि गोळी नळीतच राहते. दारूचे दाणे रायफलभर. मग रेंजवर सगळ्यांसमोर रायफल साफ करत बसा. आणि नळीत गोळी आहे हे लक्षात न घेता कुणी पुढचा बार उडवला तर काय होईल ते लिहायलाही नको.

मित्र समजूतदार. हातोडीसारखं एक साधन असतं, त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटून बाहेर येते. चाळीसच्या चाळीस काडतुसं त्याने त्या संध्याकाळी उलगडली. दारू ओळखीच्या डब्यात परत, गोळ्या बाजूला. ठक ठक ठक. वहिनींनी दोनदा येऊन विचारलं, खिळे ठोकताय का. नंतर आवळणं बंद, मधल्या मापाला गोळी, दारू तळापासून. आता त्याचं मॅगझिन न अडखळता रिकामं होतं. उतार घासायची वेळच आली नाही, आणि रायफलवर कायमचा ओरखडाही पडला नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या संध्याकाळी घालवून वाचवलं काय? दात कोरून पोट भरतं का? प्रश्न बरोबर आहे. माझ्या ऑफिसच्या तासाच्या दराने हिशेब केला तर मी सपशेल तोट्यात आहे. फक्त पैसे वाचवायचे असतील तर हा धंदा करूच नये. पण माझ्या मते त्या सुटीने मला एक वेगळी गोष्ट दिली. चांगल्या डब्यातल्या गोळ्यांनी मला दोन वर्षांत कधी प्रश्न विचारला नव्हता. सगळं बसत होतं, म्हणून का बसतंय हे पाहायची गरज पडली नव्हती. या डागाळलेल्या गोळ्यांनी मला माझ्याच रायफलची नळी कुठे सुरू होते ते थाऊमध्ये सांगितलं. आता पुढची कुठलीही गोळी आणली तरी ते माप माझ्याकडे आहे.

आमच्या नात्यातले एक आजोबा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत नोकरीला होते. (ती फॅक्टरी १८६९ पासूनची आहे, आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे.) ते म्हणायचे, माल करणं सोपं असतं, पास करणं अवघड. लहानपणी ते वाक्य नुसतं कानावरून जायचं. आता कळतं की ज्याने 'पास' म्हटलं त्याच्या शब्दावर कुणीतरी गालाला रायफल लावणार असतं. घरी भरताना करणारा मी, पास करणाराही मी, आणि गाल लावणाराही मीच. मधल्या माणसाने सुट्टी घेतली तर तिसऱ्याचं कठीण.

आणि मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दारू मूळ डब्यातच, कुलपात, शेगडी-हीटरपासून लांब. प्रायमर वेगळ्या कपाटात. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा, म्हणजे अदलाबदल नाही. फोन बाहेरच्या खोलीत. टेबलाशी चहासुद्धा नाही, कारण प्रायमरच्या काजळीत आणि गोळ्यांत शिसं असतं. उठलो की आधी साबणाने हात धुतो, मग मुलांना जवळ घेतो. दमलो असेन तर त्या दिवशी भरत नाही. काळजी करू नकोस असं म्हणत नाही, तू केलेली काळजी बरोबरच आहे. मी ती वाटून घेतली आहे एवढंच.

असो. लेख लांबला. माझ्या पाचशेपैकी अजून दोनशे गोळ्या शिल्लक आहेत, मित्राच्या त्याहून जास्त. त्याने परवा स्वतःचा कॅलिपर घेतला. पूर्ण किमतीचा, सेलमधला नाही. विचारलं तर म्हणाला, "यात तरी सूट नको." तुमच्या छंदात, कामात असं काही असेल, जिथे स्वस्त घेतलेल्या वस्तूने काही शिकवलं, तर जरूर कळवा. आणि ज्यांनी स्वस्त घेऊन हात पोळले त्यांनीही.